ज्याची त्याची हवा

शहराच्या हवेचा निर्देशांक आता पावसाच्या अंदाजाइतकाच सवयीचा झाला आहे. अमुक ठिकाणी ‘समाधानकारक’, तमुक ठिकाणी ‘वाईट’. हा आकडा येतो तो एखाद्या इमारतीच्या गच्चीवर किंवा मोकळ्या आवारात बसवलेल्या यंत्रातून. यंत्र चांगलं असतं, त्याच्या नोंदींवर भरवसा ठेवायला हरकत नसते. पण त्या गच्चीवर कुणी राहत नाही. आपण दिवसाकाठी दहा-अकरा हजार लिटर हवा छातीत घेतो, ती स्वयंपाकघरात, रिक्षात, वर्गात, दुकानाच्या गल्ल्यावर, रात्री पांघरुणात. त्या छातीत नेमकं काय गेलं, हे कळायचं कसं? उत्तर ऐकायला अगदी सोपं आहे: यंत्रालाच माणसाबरोबर धाडायचं. गेली कित्येक दशकं शास्त्रज्ञ हे करत आहेत, आणि त्यातून जे दिसलं ते वाचताना मी पुन्हा पुन्हा थक्क होतो.

अंगावर मोजमापाचं साधन बाळगणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत, फक्त तिकडे लक्ष गेलेलं नसतं. एक्स-रे काढायला गेलात की तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहानसा बॅज अडकवलेला दिसतो. ते ओळखपत्र नव्हे. त्याच्या आत धातूच्या पट्टीवर टेफ्लॉनच्या तीन चकत्या बसवलेल्या असतात आणि चकत्यांत डिस्प्रोशियमचा अंश मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट असतं. भारतात वापरला जाणारा हा टीएलडी बॅज ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा. किरण पडला की स्फटिकातले काही इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि स्फटिकातल्याच उणिवांत अडकून बसतात. आठवडे, महिने ते तिथेच राहतात. मग प्रयोगशाळेत चकती तापवली की ते सुटतात आणि सुटता सुटता प्रकाश देतात. जितका प्रकाश जास्त, तितका किरणांचा मारा जास्त. बॅज वापरल्याच्या तीन महिन्यांत त्या माणसाने किती किरणोत्सार सोसला, याचा हिशेब असा एका क्षणाच्या उजेडात मिळतो. खोलीची सरासरी नाही, इमारतीची नाही, त्याच एका माणसाची नोंद.

हवेतल्या विषांसाठी असं काही करायचं तर अडचण मोठी. किरण आरपार येतात, हवा मात्र ओढून घ्यावी लागते. १९७६ साली एडवर्ड पाम्स यांनी एक सुंदर पळवाट काढली: एका टोकाला बंद असलेली छोटीशी नळी, बंद टोकाशी नायट्रोजन डायऑक्साइड धरून ठेवणाऱ्या रसायनात भिजवलेली जाळी. पंप नाही, बॅटरी नाही. वायू आपल्याच गतीने पसरत आत येतो आणि अडकतो. या नळ्या आजही जगभर वापरात आहेत. पण एकाच वायूपुरतं हे ठीक. माणसाच्या भोवती तर शेकडो संयुगं असतात.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतले लान्स वॉलेस यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सहकाऱ्यांसह न्यू जर्सीतली बेयॉन आणि एलिझाबेथ ही दोन शहरं निवडली. निवड मुद्दाम केलेली: तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांचे कारखाने, धुराडी. साडेतीनशेहून अधिक रहिवाशांना त्यांनी जाकिटं घालायला दिली. जाकिटात बॅटरीवरचा छोटा पंप आणि टेनॅक्स नावाच्या शोषक पदार्थाने भरलेली नळी. बारा तास झाले की नळी बदलायची. तशाच नळ्या घराबाहेर अंगणातही लावल्या. शेवटी त्या माणसांचा उच्छ्वासही तपासला, कारण रक्तात मिसळलेलं बेन्झीन श्वासाबरोबर थोडंथोडं बाहेर पडतं.

कारखान्याच्या सावलीत राहणाऱ्यांच्या नळ्यांत सर्वाधिक विष सापडेल, असं कुणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही. अंगावरच्या नळ्यांत जवळजवळ प्रत्येक संयुग अंगणातल्या नळ्यांपेक्षा जास्त भरलं, आणि कारखाना जवळ की लांब याने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो भलत्याच गोष्टींनी. कोण सिगारेट ओढतं. कोण पेट्रोल पंपावर उभं राहिलं. कुणी ड्रायक्लीन करून आणलेला कोट कपाटात टांगला, कारण त्यातून टेट्राक्लोरोएथिलीन दिवसेंदिवस झिरपत राहतं. कपड्यांना कसर लागू नये म्हणून कुणी गोळ्या ठेवल्या. तिकडच्या त्या गोळ्या पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या असत. आपल्याकडच्या जुन्या डांबरगोळ्या नॅफ्थलीनच्या, पण त्याही विरतात त्या हवेतच. क्लोरीन घातलेलं पाणी गरम करून अंगावर घेतलं की त्यातून क्लोरोफॉर्म निघतो, हेही याच कामातून पुढे आलं. यावरून कारखाने निर्दोष ठरले, असं कुणी म्हणू नये. त्यांचा धूर सगळ्या गावावर पसरतो आणि त्यातून कुणाची सुटका नसते. पण एका माणसाच्या छातीचा हिशेब मांडला की जवळचं लहान, लांबच्या मोठ्याला भारी पडतं, आणि हे गच्चीवरच्या यंत्राला कधीच दिसलं नसतं.

याच मंडळींनी १९९० साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावात धूलिकण मोजले. सिगारेट न ओढणाऱ्या १७८ लोकांच्या अंगावर, घरात आणि घराबाहेर एकाच वेळी. दिवसा घरातली आणि बाहेरची हवा सारखीच निघाली: दर घनमीटरला सुमारे ९५ मायक्रोग्रॅम. आणि अंगावरचा आकडा? सुमारे १५०. हे कोडंच होतं. माणूस एक तर घरात असतो नाही तर बाहेर. दोन्हीकडे ९५ असताना त्याच्या नाकापाशी १५० कुठून आले? उत्तर असं की माणूस चालतो, वाकतो, झाडतो, तव्यावर काही टाकतो, चादर झटकतो, आणि प्रत्येक हालचालीबरोबर धुळीचा एक लोट त्याच्याभोवती उठतो. खोलीच्या कोपऱ्यातल्या यंत्रापर्यंत पोचेस्तोवर तो विरळ होतो, ज्याने उठवला त्याच्या नाकाला मात्र तो दाट लागतो. शास्त्रज्ञ याला माणसाचा ‘वैयक्तिक ढग’ म्हणतात. आपण प्रत्येक जण आपला एक ढग घेऊन वावरत असतो, आणि तो कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही.

ही सारी अमेरिकेतली घरं. या विद्येचा सर्वांत जिव्हारी लागणारा अध्याय मात्र आपल्या शेजारी, गुजरातच्या खेड्यांत लिहिला गेला. कर्क स्मिथ नावाचे अमेरिकी शास्त्रज्ञ भारतीय सहकाऱ्यांबरोबर तिथे गेले आणि चुलीपुढे बसलेल्या बायांच्या अंगावर त्यांनी नमुने घेणारी साधनं लावली. १९८३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सरपण आणि गोवऱ्या पेटवून स्वयंपाक करताना त्या बाईच्या तोंडाशी दर घनमीटरला सरासरी सुमारे ७,००० मायक्रोग्रॅम धूळ-धूर होता. यात मोठे कणही धरलेले, त्यामुळे आजच्या मर्यादांशी नेमकी तुलना करता येत नाही. तरी आपल्याकडे पीएम १० या कणांची चोवीस तासांची मर्यादा १०० आहे, एवढं सांगितलं की पुरे. जगात वायुप्रदूषण म्हटलं की शहरं, गाड्या, धुराडी डोळ्यांपुढे यायची तो हा काळ. आणि सर्वांत दाट धूर निघाला तो आभाळ निळंशार असलेल्या खेड्यात, एका लहानशा खोलीत, फुंकणी हातात धरलेल्या बाईच्या चेहऱ्यापाशी. त्या बाईच्या अंगावर यंत्र लावावं असं आधी फारसं कुणाला वाटलं नव्हतं, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

स्मिथ पुढे आयुष्यभर हेच काम करत राहिले. ते एक ठोकताळा सांगत: घरात सोडलेला धूर बाहेर सोडलेल्या धुरापेक्षा माणसाच्या छातीत शिरण्याची शक्यता साधारण हजार पटींनी जास्त. धुराड्यातून निघालेल्या कणापुढे सारं आकाश मोकळं असतं. चुलीतून निघालेल्या कणापुढे चार भिंती, एक छप्पर आणि दोन-चार माणसं.

आज हेच मोजमाप किती नाजूक झालं आहे, ते जवळून पाहण्यासारखं आहे. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या मिळून सुमारे ३,२०० गरोदर बायकांवर ‘हॅपिन’ नावाची मोठी चाचणी झाली. भारतातलं काम चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतल्या कल्पना बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. निम्म्या बायकांना गॅसची शेगडी आणि सिलिंडर दिले, निम्म्या चुलीवरच रांधत राहिल्या. दोन्ही गटांतल्या बायकांनी अधूनमधून चोवीस तास एक छोटं यंत्र छातीशी बाळगलं. यंत्रातला पंप मिनिटाला जेमतेम ०.३ लिटर हवा ओढतो. वाटेत हवेला एकदम वळण दिलेलं असतं. जड कणांना ते वळण घेता येत नाही, ते समोर आपटून तिथेच चिकटतात. अडीच मायक्रॉनहून बारीक कण तेवढे हवेबरोबर वळतात आणि टेफ्लॉनच्या पातळ चकतीवर जाऊन बसतात. चोवीस तासांत चकतीतून जेमतेम ४३० लिटर हवा जाते. हवेत ७० मायक्रोग्रॅमची पातळी असेल तर चकतीवर जमतात ३० मायक्रोग्रॅम. साखरेच्या एका दाण्याचं वजन याच्या कितीतरी पट भरतं. म्हणून ती चकती आधी आणि नंतर, तापमान व दमटपणा काटेकोर सांभाळलेल्या खोलीत, स्थिर विद्युत काढून टाकून, मायक्रोग्रॅम ओळखणाऱ्या तराजूवर तोलतात. यंत्रात हालचाल टिपणारा एक संवेदकही असतो. बाईने ते खरंच अंगावर घातलं होतं की खुंटीला टांगून ठेवलं होतं, हे त्यावरून कळतं.

निकाल २०२२ साली आला. चुलीच्या गटात मध्यम पातळी दर घनमीटरला ७०.७ मायक्रोग्रॅम, गॅसच्या गटात २३.९. म्हणजे छातीशी पोचणारा धूर दोनतृतीयांशाने घटला. पण बाळांच्या जन्मवजनात ठळक फरक दिसला नाही. हा निकाल निराश करणारा आहे आणि तो तसाच सांगायला हवा. धूर कमी करणं हे काम तरीही मोलाचंच आहे, कारण बाळाचं वजन हा आरोग्याचा एकच धागा. शिवाय अंगावर यंत्र नसतं, तर गॅसमुळे धूर खरोखर कमी झाला की नाही यावरच वाद घालत बसावं लागलं असतं.

चकतीचा एक तोटा म्हणजे ती दिवसाची बेरीज सांगते, घटकाघटकाची गोष्ट सांगत नाही. ती सांगतो प्रकाशाचा संवेदक. बोटभर पेटीत बारीक पंखा हवा आत ओढतो, लेझरचा किरण तिच्यावर पडतो, कण किरणाला इकडेतिकडे उधळतात आणि बाजूला बसवलेला प्रकाशग्राहक तो उधळलेला उजेड मोजतो. कवडशात धूळ तरंगताना दिसते त्याचंच हे मोजलेलं रूप. हे स्वस्त पडतं आणि दर मिनिटाला आकडा देतं. मात्र दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि फुगलेला कण जास्त उजेड उधळतो. म्हणून मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात अशा स्वस्त पेटीचा आकडा दुरुस्त केल्याशिवाय खरा मानू नये. पण मिनिटामिनिटाच्या नोंदीतून दिसतं ते पाहण्यासारखं असतं. जोशुआ आप्टे आणि सहकाऱ्यांनी २०१०च्या उन्हाळ्याच्या सुमारास दिल्लीच्या रिक्षांत बसून मोजणी केली. रिक्षातले बारीक कण शहराच्या सर्वसाधारण पातळीच्या दीडपट होते. अतिसूक्ष्म कण मात्र आठपटीहून जास्त, कारण ते पुढच्या गाडीच्या नळीतून नुकतेच जन्माला आलेले असतात आणि शहरभर पसरण्याआधी एकमेकांना चिकटून त्यांची संख्या झपाट्याने घटते. शहराच्या यंत्राला ते त्या दाटीत कधी भेटतच नाहीत. रिक्षातल्या माणसाला भेटतात.

आणि आता सर्वांत साधं साधन. त्यात पंप नाही, वीज नाही, एकही हलणारा भाग नाही. मोहिमांच्या घोषणा छापून वाटतात तसलं सिलिकॉनचं कडं. ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या किम अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं की हे कडं मनगटावर घातलं की ते आपोआप नमुना घेतं. सिलिकॉन दिसायला भरीव, पण आत लवचिक साखळ्यांचा गुंता आणि त्यात रेणूंना शिरायला जागा. तेलकटात विरघळणारे रेणू, मग ते हवेतले असोत की कातडीवरचे, त्यात मुरत जातात. आपल्या पेशींची आवरणंही स्निग्धच असतात. म्हणून शरीरात सहज शिरू शकणारे बरेचसे रेणू या कड्यातही शिरतात.

ते घालण्याआधी रिकामं करावं लागतं, कारण कारखान्यातून येतानाच त्यात बरंच काही मुरलेलं असतं. द्रावकांत धुऊन किंवा निर्वात भट्टीत तापवून ते कोरं करतात आणि हवाबंद पिशवीत बंद करतात. मग आठवडाभर मनगटावर: झोपताना, आंघोळीला, भांडी घासताना, शेतात. पुन्हा पिशवीत, आणि टपालाने प्रयोगशाळेत. तिथे द्रावकात बुडवून सगळं बाहेर काढलं जातं आणि केसासारख्या बारीक, कित्येक मीटर लांब वेटोळ्यातून तापवत तापवत पुढे ढकललं जातं. प्रत्येक संयुग आपापल्या वेळी दुसऱ्या टोकाला पोचतं. तिथे त्याचे तुकडे करून तुकड्यांची वजनं घेतात आणि त्यांवरून त्याची ओळख पटते. पहिल्याच अभ्यासात ४९ संयुगं सापडली. त्यांत कीटकनाशकं होती, प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं होती, जळण्यातून निघणारी बहुचक्रीय कर्बसंयुगं होती, आणि निकोटिन व कॅफिनसुद्धा. तापलेलं डांबर छपरांवर पसरणाऱ्या कामगारांच्या कड्यांत तर त्यांच्या कामाचा धूरच मुरलेला होता.

२०१९ साली याच गटाने अमेरिका, पेरू, सेनेगल आणि दक्षिण आफ्रिका इथल्या चौदा वस्त्यांतली २६२ कडी तपासली. शोध घेतला १,५३० रसायनांचा, सापडली १९१. चौदा रसायनं निम्म्याहून जास्त कड्यांत होती, म्हणजे खंड बदलला तरी काही गोष्टी आपली पाठ सोडत नाहीत. पण मला थांबवून ठेवलं ते दुसऱ्याच एका ओळीने. त्या २६२ कड्यांपैकी कुठल्याही दोन कड्यांत सापडलेल्या रसायनांची यादी तंतोतंत सारखी नव्हती. एकाच वस्तीत राहणारी माणसंही होती त्यांत. तरीही प्रत्येकाची यादी वेगळी.

कड्याला मर्यादा आहेत. शिसं किंवा कार्बन मोनॉक्साइड त्याला कळत नाही. मंगळवारी दुपारी काय झालं ते सांगता येत नाही, आणि कड्यात इतकं सापडलं म्हणजे शरीरात किती गेलं, हे गणित अजून अवघडच आहे. पण चार वर्षांच्या मुलाच्या हाताला पंप बांधता येत नाही, कडं बांधता येतं. २०१७ साली हार्वे वादळाने ह्यूस्टन पाण्याखाली गेलं, तेव्हा घरं साफ करायला परतलेल्या लोकांच्या मनगटांवर ही कडी होती. असल्या दिवशी दुसरं कुठलं यंत्र घेऊन कोण येणार होतं?

रसायनांच्या पलीकडेही हवेत बरंच काही असतं. स्टॅनफर्डचे मायकेल स्नायडर यांनी दंडाला पेटी बांधून स्वतःभोवतालची हवा दोन वर्षांहून जास्त काळ गोळा केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रसायनांबरोबर हवेतल्या सजीवांचा डीएनएही वाचला गेला: जिवाणू, बुरशी, परागकण, अडीच हजारांहून जास्त प्रजाती. डासांना पळवणारं डीट हे रसायन प्रत्येक नमुन्यात निघालं. स्नायडर यांना वसंतात शिंका यायच्या आणि दोष ते पाइनच्या परागांना देत. नोंदी पडताळल्यावर संशय गेला निलगिरीवर.

हे सगळं मोजून पुढे काय, हा प्रश्न रास्त आहे. हवेची दुखणी सावकाश पिकतात. २००५ साली ख्रिस्तोफर वाइल्ड यांनी मांडलं की माणसाचे जनुक आपण वाचू लागलो, पण जन्मापासून त्याला काय काय लागलं याची नोंद तितक्या बारकाईने ठेवायला हवी. त्याआधीच, १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून, न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिका परेरा यांनी गरोदर बायकांना अठ्ठेचाळीस तास पाठीवर पिशवी वागवायला सांगितली होती. पिशवीत पंप आणि गाळणी, रात्री ती उशाशी. मग मुलं जन्मली, वाढली. पाचव्या वर्षी २४९ मुलांची बुद्ध्यंक चाचणी झाली, तेव्हा गर्भात असताना ज्यांच्या आईच्या पिशवीत बहुचक्रीय कर्बसंयुगं जास्त सापडली होती, त्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा सरासरी चारहून जास्त गुणांनी कमी भरला. आईची परिस्थिती, शिक्षण वगैरे गोष्टी हिशेबात धरूनसुद्धा. दोन दिवसांची पिशवी आणि पाच वर्षांची वाट.

कर्करोगासाठी ही वाट दशकांची असते. म्हणून ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट या विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली कुत्र्यांकडे वळून पाहिलं. तीस कुत्री आणि त्यांचे मालक. मालकांच्या मनगटावर सिलिकॉनचं कडं, कुत्र्यांच्या गळपट्ट्याला सिलिकॉनचे बिल्ले, पाच दिवस. दोघांत सापडलेली रसायनं बरीच मिळतीजुळती निघाली, कारण घर एक, सतरंजी एक, अंगण एक. कुत्र्यांना होणारा मूत्राशयाचा कर्करोग माणसाच्या त्याच कर्करोगाशी जनुकांच्या पातळीवर पुष्कळ जुळतो, पण कुत्र्याचं आयुष्यच दहा-बारा वर्षांचं असल्याने त्याच्यात तो फार लवकर दिसू लागतो. माणसात जे कळायला तीस वर्षं थांबावं लागेल, ते त्याच घरातल्या कुत्र्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावरून काही वर्षांत कळेल का, याचा शोध आता सुरू आहे.